दाराजवळचा खिळा

माझे मोठे काका चामड्याच्या बॅगा शिवायचे. त्यांच्या कारखान्यात, म्हणजे दोन खोल्यांत, एक रीत होती. कुणाचं काम बिघडलं की तो नग दाराजवळच्या खिळ्याला लटकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायचा. ज्याने बिघडवला त्याने तसाच नवा नीट करून दाखवायचा आणि मगच जुना आपल्या हाताने उतरवायचा. "ओरडून माझा घसा बसतो," काका म्हणायचे. "आता खिळा बोलेल, मी गप्प."

गप्प ते कधीच नसत.

त्यांची मुलगी, आमची ताई, त्यांच्या शेजारी बसून काम शिकली. तिचा टाका एवढा सरळ की एक मोठा दुकानदार तिच्या बॅगा बघायला येणार होता. पसंत पडल्या तर त्याच्या दुकानात तिच्या बॅगा लागणार होत्या. नेमका त्याच सकाळी तिने घाईत खांद्याचा पट्टा जनावराच्या पोटाकडच्या कातड्यातून कापला. ते कातडं ताणलं जातं. पट्टा पाठीकडूनच घ्यायचा, हे तिला झोपेतही ठाऊक. बॅगेत वजन टाकताच पट्टा लोंबला.

काकांनी तो बॅगेसकट खिळ्याला लावला.

"बाबा, आजचा दिवस नको ना! उद्यापासून हवा तेवढा लावा."

"खिळ्याला लेकबिक कळत नाही, बाई."

दुकानदार आला आणि काका रंगात आले. "बघा आमच्या बाईसाहेबांची करामत! बॅग खांद्यावर घ्या, घोट्यापर्यंत पोचते की नाही बघा!" दुकानदार पोट धरून हसला. ताईही हसली. "कळवतो," म्हणून तो गेला तो गेलाच.

संध्याकाळपर्यंत ताईने नवा पट्टा शिवला, जुना उतरवून काकांच्या पुढ्यात ठेवला आणि कातडं टोचायची आपली आरी पिशवीत टाकून निघाली. पुढे ती औषधांच्या दुकानात लागली. घरी यायची, बोलायची, पण कारखान्याची पायरी चढली नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा मी काकांना एक इंग्रजी शब्द वाचून दाखवला, शॅग्रिन. चारचौघांत फजिती झाली की मनाला लागून राहतं, ते. मूळ फ्रेंच, खरखरीत कातड्याचं नाव. जुने कारागीर ओल्या कातड्यात बारीक दाणे दाबून भरत आणि वाळलं की झटकून टाकत.

कातड्याचा शब्द म्हणून काकांना मजा वाटेल, असं मला वाटलं होतं. ते बराच वेळ अंगठ्याने टेबलाची कड घासत राहिले.

"दाणे झटकले, तरी खड्डे राहतात गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिळ्याला एक बॅग होती. टाके दारू प्यायल्यासारखे वाकडे. काकांनी ताईला निरोप धाडला, कारखाना बंद करायच्या आधी एकदा येऊन जा.

ताई आली. दारातच थांबली.

"कुणाची?"

"माझी."

तिने सवयीने बॅग उलटी करून आतला टाका पाहिला. "मग नीट करा आणि उतरवा."

काकांनी दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. "आता नाही होणार. तूच उतरव."

ताईने ते हात आपल्या हातांत घेतले, पण मान हलवली. "ज्याची त्यानेच, बाबा. रीत तुमचीच."

महिनाअखेरीस यंत्रं गेली, टेबलं गेली. रिकाम्या भिंतीवर ती बॅग तेवढी राहिली. काकांनी कुणालाच उतरवू दिली नाही.