आमच्या गावात नसलेली बेकरी

मी आणि बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळणं. जाडी सोलापुरी चादर, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती जिकडं वळवायची तिकडंच मी वळवायचो, म्हणजे चादर नुसती गोल फिरायची, पाण्याचा थेंब पडत नव्हता. ती ओरडत होती, "अवो, उलटं पिळा, उलटं! मी इकडून पिळून राह्यली अन् तुमीबी इकडूनच." शेवटी तिनं हात टेकले. "सोडा. तुमच्यापेक्षा बैलाले लवकर समजते." चादर तशीच ओलीगच्च तारेवर टाकली, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. गाडी करून सावंगीच्या दवाखान्यात नेली, आणि तिथून ती परत आली नाही. मी घरी आलो तर चादर तारेवर कडक वाळून उभी होती. तिला काय.

तेरवी झाल्यावर खात्यातून तिचं नाव काढायला बँकेत गेलो. माणूस गेलं की जगाला त्याचं नाव कुठून ना कुठून काढायची भारी घाई असते. खातं दोघांचं होतं, पण फोन तिच्याकडं. मी चौथी शिकलो, तीही धड नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात जन्म गेला. ती सातवी पास, आणि हे सातवी पास असणं तिनं मला मरेपर्यंत ऐकवलं. त्यामुळं पोरीनं फोनवरून पैसे द्यायचं शिकवलं तेही तिलाच. मी रोख माणूस.

बँकेतल्या मॅडमनी खात्याचा कागद काढला आणि त्यावर पेन टेकवला.

"काका, ही बेकरी कोणती? वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे गेलेत. ओळखीची आहे ना?"

"बेकरी? आमच्या गावात बेकरी नाई मॅडम. पाव पायजे तर आर्वीले जा लागते."

"मग तक्रार लिहून द्या. फसवणूक असू शकते."

"थांबा जरा," म्हटलं. कारण माझं डोकं पैशांवर नाही, बेकरीवर अडकलं होतं.

तिला शुगर होती. दवाखान्यात डॉक्टरनं मला विचारलं होतं, "गोड खात होत्या का?" मी छाती ठोकून सांगितलं होतं, नाई. साखरेचा डबा मी माझ्या खाटेखाली ठेवायचो. लोकांच्या लग्नात तिला जिलेबीच्या ताटाजवळ फिरकू दिलं नाही. तिच्या सख्ख्या भावाच्या घरी तिच्या हातातला पेढा काढून मीच खाल्ला, तर तिथल्या बायका मला राक्षस म्हणाल्या. राक्षस तर राक्षस. आणि ही बाई दर आठवड्याला बेकरीत! ती कशानं गेली, हे मला कळायला पाहिजे होतं. शुगरनं गेली असेल तर देवाशी भांडता येतं. क्रीमरोलनं गेली असेल तर भांडण तिच्याशी होतं.

नागपूरला पोरीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, हे फ्रॉड आहे. आताच्या आता खातं बंद करा."

"तुही माय क्रीमरोल खात होती का?"

"बाबा, तुम्ही काहीही बोलता."

"खात होती का नाई, तेवढं सांग."

"मला कसं माहीत असणार? तुम्ही तर तिला खारीसुद्धा खाऊ देत नव्हते." आणि तिनं फोन ठेवला. पोट्टी मायवर गेली आहे.

मग मी आर्वी गाठली. बेकरीचं नाव मॅडमनी कागदाच्या मागं मराठीत लिहून दिलं होतं. खिशात तो कागद आणि बुढीचा आधार कार्डावरचा फोटो. त्या फोटोत ती अशी दिसते की कोणीही तिला चोर समजावं. पहिल्याच दुकानात काउंटरवर फोटो ठेवला. "हे बाई तुमच्याकडून काही नेत होती का?"

दुकानदार मागं सरला. "काय केलं जी तिनं?"

"मेली."

"आमचा माल खाऊन?" त्याचा चेहराच पडला. "आमचा माल ताजा राह्यते काका, कोणालेबी विचारा."

त्याला शांत करण्यात माझा अर्धा तास गेला. वरून त्यानं मला एक टोस्टचा पुडा फुकट दिला, म्हणजे मी कुठं बोभाटा करू नये. दुसऱ्या दुकानात म्हणाले, या नावाची बेकरी होती, बस स्टँडच्या पुढं, पण बंद पडून बरेच दिवस झाले. बंद बेकरीत ही काय खात होती? भुतं तळून?

गावात उतरलो तेव्हा डोकं भणभणत होतं. स्टँडवर माझा नेहमीचा पानठेला. आमच्याकडं माणूस जेवण चुकवेल, खर्रा चुकवणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासघास घासायचा, तो खर्रा. तोंड गेलं तरी चालेल. माझं जवळजवळ गेलंच आहे. आ केला तर दोन बोटं मुश्किलीनं आत जातात. डॉक्टरनं वर्षामागं सांगितलं होतं, खर्रा सोडा. मी त्याला म्हटलं, तुमी डॉक्टरकी सोडा. बुढी बाजूलाच उभी होती. वाटलं, आता घरी गेल्यावर फटाके फुटतात. पण ती एक शब्द बोलली नव्हती.

ठेलेवाला घासायला लागला आणि मी त्याला माझं गाऱ्हाणं सांगायला लागलो. बँक, बेकरी, क्रीमरोल, सगळं. बेकरीचं नाव घेतलं तसा त्याचा हात थांबला.

"काका, ते बेकरी म्हणजे मीच आहो जी."

त्यानं फोनवरून पैसे घ्यायचं ते चौकोनी चिटोरं माझ्यापुढं धरलं. खाली बारीक अक्षरात तेच नाव, त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. रोज अर्धं गाव त्याच्यापुढं फोन धरतं. नाव कोणी वाचत नाही. टिंग वाजलं की झालं.

"साळ्याची बेकरी होती आर्वीत. ते बसली, हे खातं रायलं. आता खर्ऱ्यावर बंदी हाये. बँकेत जाऊन काय सांगू, खर्ऱ्याचं दुकान हाये म्हणून?"

"म्हंजे बुढी खर्रा खात होती?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की ऑटोवाले वळून पाहायला लागले.

"हळू बोला ना काका! काकू कायले खाईन? तुमच्यासाठी पैसे देत होती."

"मी तुले रोज नगद देतो, लेका."

"ते खर्ऱ्याचे. काकूचे दुसरे." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग ठेल्याखालून एक प्लास्टिकची बरणी काढली. आत काळपट हिरवा चुरा. "मेथी हाये जी. वाळवलेली, तव्यावर कडक भाजलेली. काकूच आणून देत होती. म्हणे, बुढ्याचा तंबाखू एकदम बंद केला तर तो दुसऱ्या ठेल्यावर जाईन. दूधवाला पाणी टाकते तसं टाक, दर आठवड्याले थोडं थोडं. म्या म्हटलं, काकू, गिऱ्हाईक तुटलं तर माह्या पोटावर येईन. तर म्हणे, तुटलं नाई तोवर दर आठवड्याले हे घे. तुटलं तर बंद."

मी त्याच्यापुढच्या खर्ऱ्याकडं पाहिलं. आमच्या स्लॅबवर वर्षभर मेथी वाळत पडलेली असायची. विचारलं तर म्हणायची, महाग होते, आताच करून ठेवलेली बरी. भाजीत मात्र कधी दिसली नाही.

"आता यात तंबाखू किती हाये?"

"नावाले. वास याले पायजे म्हणून."

"अन् मी वर्षभर..."

"तुमीच तर साऱ्याइले सांगता जी, स्टँडवरचा खर्रा एक नंबर."

हे खरं होतं. जिनिंगच्या जुन्या सोबत्यांना मी खास या ठेल्यावर आणायचो. घरी तिच्यासमोर सांगायचो, माझा ठेलेवाला म्हणजे कलाकार आहे, हात पाहा त्याचा. ती पदर तोंडाला लावून खोकायची. मला वाटायचं दमा लागला.

"मले काऊन नाई सांगितलं तू?"

"मारलं असतं तुमी."

मारलंच असतं. खरं म्हणजे तेव्हाही हात शिवशिवत होता. माझ्याच पैशानं माझ्याच तोंडात भाजीपाला कोंबला या दोघांनी, आणि मी वर शाबासकी देत फिरलो. पण रागासोबत दुसरंही काही वर येत होतं. क्रीमरोल नव्हता. खारी नव्हती. मी डॉक्टरला खोटं सांगितलं नव्हतं. बाई तोंडानं साफ होती. लबाड होती, पण तोंडानं साफ.

ठेलेवाल्यानं बरणी हलवून दाखवली. तळाला मूठभर उरलं होतं. "काका, हे सरत आलं जी. पुढं काय करू? तंबाखू वाढवू का आता?"

मी खर्ऱ्याची पन्नी ओढून घेतली. खर्रा तोंडात टाकला, रागानं चावला. चांगला होता भाड्याचा.

घरी येऊन पोरीला फोन केला. "फ्रॉडच निघाला. घरचं माणूस होतं."

"बाप्पा! कोण?"

"तुही माय." आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली, खूप हसली, मग हसता हसता रडायला लागली. मी फोन ठेवला नाही. ऐकत बसलो. "अन् खातं?" तिनं मग नाक ओढत विचारलं. म्हटलं, "मॅडमले सांगतो, बेकरी ओळखीची हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची हातगाडी आली, तिच्यावरच्या मेथीच्या होत्या तेवढ्या जुड्या घेतल्या.

"काका, एकट्या माणसाले इतकी मेथी कायले?"

"खर्ऱ्यात टाकाले."

भाजीवाला असा हसला की मोड द्यायचं विसरला. मागून घ्यावी लागली. मी जुड्या काखेत मारून स्लॅबवर चढलो. तिचं जुनं लुगडं अंथरलं, पानं खुडली, पसरली. वारं सुटलं तशी निम्मी पानं शेजारच्या अंगणात गेली. शेजारीण खालून ओरडली, "कोण कचरा टाकून राह्यलं वरून?"

"मी, बाई," म्हटलं, आणि लुगड्याच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवून उरलेल्या मेथीची राखण करत उन्हात बसलो.