मुद्रक आणि प्रकाशक म्हणून माझं नाव

आमच्या ह्यांना तुरुंगात जायची फार हौस होती.

जालन्याच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. इंग्रजांनी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी कशी केली, हा त्यांचा आवडता धडा. पुस्तकात तो अर्ध्या पानात उरकलेला. हे आठवडाभर शिकवायचे. संपादकांकडून जामीन कसा मागत, छापखान्याला सील कसं ठोकत, देशी भाषेतल्या पत्रांसाठी वेगळा जाचक कायदा आला तेव्हा बंगालमधलं एक पत्र रातोरात इंग्रजीत कसं निघू लागलं, हे सांगताना त्यांचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा. मनात मात्र एक खंत होती. निजामाच्या राज्यात बाहेरची मराठी पत्रं यांनी चोरून वाचली होती, तीही मनमाडहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून आलेली. पण त्याबद्दल यांना कुणी कधी पकडलं नव्हतं.

निजामी गेली. दोन-तीन वर्षांनी यांनी शाळा सोडली आणि साप्ताहिक काढायचं ठरवलं. छपाईचं मशीन माझ्या वडिलांनी घेऊन दिलं. वडील आष्टीचे, कापसाचा व्यापार करणारे. मशीन देताना त्यांनी एकच अट घातली.

"मशीन पोरीच्या नावावर राहील. जावई हुशार हायेत, पण त्यांच्या हातात सायकलसुद्धा टिकत न्हाई."

पत्र काढायचं तर ते छापणार कोण, हे आधी मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन लेखी द्यावं लागे. कायदा अठराशे सदुसष्ट सालचा, इंग्रजांनी केलेला. इंग्रज होते तोवर तो आमच्या मुलखात लागू नव्हता. इंग्रज गेले, निजामही गेला, आणि मग तो आला. यांनी सही करायला झोकात पेन काढलं, तर कारकुनानं विचारलं, "मशीन कुणाचं?"

"हिचं."

"मंग सही बाईंची. छापणारी त्या, प्रसिद्ध करणारी पण त्या. तुम्ही फक्त लिहिणार."

अशा रीतीनं संपादक हे आणि मुद्रक-प्रकाशक मी. दर अंकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, माझ्या नावाची आणि छापखान्याच्या पत्त्याची ओळ बारीक टाइपात छापायची, असा नियम होता.

छापखाना जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या मागे. छपाईचे खिळे जुळवायला एक वयस्कर चाचा होते. पहिल्या अंकापासून यांनी अग्रलेखांची तोफ सुरू केली. नगरपालिकेवर, रस्त्यांवर, धान्याच्या परवान्यांवर, एकदा तर थेट दिल्लीवर. अंक बाहेर पडला की हे अंथरुणाची वळकटी बांधून दाराशी ठेवायचे. दोन दिवस वाट बघायचे. कुणी यायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी ती वळकटी सोडून उन्हात टाकायची.

एकदा मात्र फौजदार खरंच आले, युनिफॉर्ममध्ये. हे ताडकन उठले, टोपी घातली. म्हणाले, "झडती घ्यायची असेल तर खुशाल घ्या. माझा एकही शब्द मी मागे घेणार नाही."

फौजदार गोंधळले. "शब्द नका मागं घेऊ साहेब, पण छापायचे जरा जल्दी. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका हायेत."

पत्रिका छापल्या. गणपती सुरेख उठला होता. हे मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

मग बहिणीच्या मुलाच्या बारशाला मी केदारखेड्याला गेले, तेवढ्यात घात झाला. यांनी वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्यावर लांबलचक अग्रलेख लिहिला. त्यात इंग्रजांचे सगळे कायदे एकामागून एक घेतले होते. लेख इतका फुगला की शेवटच्या पानावर मावेना. चाचांनी सांगितलं, "साहेब, जागा बिलकुल न्हाई राह्यली. चार वळी कमी करा."

"एक शब्द कमी होणार नाही," हे म्हणाले. "ती तळाची ओळ काढा. छापणाऱ्याचं नाव कोण वाचतं?"

एक माणूस वाचत होता. प्रत्येक अंकाच्या प्रती सरकारला पाठवाव्या लागत, आणि तिथे एक कारकून त्या तपासायचा. यांचे जळजळीत अग्रलेख त्यानं कधी वाचले नसावेत. तो पान उलटून थेट तळाला बघायचा. सरकार आमच्या पत्रातली एकच ओळ वाचायचं, आणि नेमकी तीच नव्हती.

समन्स घेऊन शिपाई आला तेव्हा मी दळण निवडत होते. हे बाहेर आले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. "चला. मी तयार आहे."

शिपायानं कागद बघितला. "तुमचं न्हाई साहेब. बाईंचं हाय."

यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पंगतीत पहिल्या पाटावर बसलेल्याला उठवावं, तसा झाला होता.

कोर्टात गर्दी होती. बाईमाणसावर खटला, तोही वर्तमानपत्राचा, म्हटल्यावर अर्धा बाजार आला होता. माझे वडील आष्टीहून आले ते एका वकिलाला धरूनच. मी नऊवारीचा पदर सावरून पिंजऱ्यात उभी राहिले. मॅजिस्ट्रेट हैदराबादकडचे, उर्दूत शिकलेले. नव्यानं शिकलेलं मराठी जपून बोलायचे.

"बाई, ही वळ का छापली नाही?"

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. "न्यायमूर्ती महाराज! हा खटला एका व्यक्तीवर नाही, विचारांवर आहे!"

"आपण कोण?"

"संपादक."

"आपल्यावर खटला नाही. बसा."

"पण जबाबदारी माझी आहे!"

"कायद्यात छापणाऱ्याची आहे. आपण बसा, नाही तर बाहेर जा."

हे बसले. साहेबांनी पुन्हा मला विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, ह्यांचा अग्रलेख लांबला. जागा उरली नाही म्हणून ओळ काढली. मी बारशाला गेल्ते."

"अग्रलेख कशावर होता?"

"छपाईच्या कायद्यांवर."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसलं. मग त्यांनी अंक मागवला आणि तो अग्रलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. कोर्ट थांबलं होतं. हे पुढे झुकून त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "माहिती बराबर आहे. चार वळी मात्र कमी करता आल्या असत्या." आणि मला ताकीद देऊन सोडलं.

बाहेर कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. चाचांनी पेढे वाटले. आम्ही टांग्यात बसलो. घर जवळ आल्यावर हे हळूच म्हणाले, "काय गं, पिंजऱ्यात उभं राहिलं की कसं वाटतं?"

"उंच वाटतं," मी म्हटलं. "सगळे दिसतात. तुम्हीसुद्धा दिसत होतात."

यांना इतकं हसू आलं की टांगेवाल्यानं मागे वळून बघितलं.

पुढच्या अंकासाठी यांनी खटल्याचा वृत्तांत लिहिला. मजकूर माझ्या हाती आला, तर त्यात माझं एक तेजस्वी भाषण होतं. 'या पिंजऱ्याच्या गजांना माझी लेखणी भीत नाही' वगैरे.

"हे मी बोलले नाही," मी म्हटलं. "छापणार नाही."

"अगं, भावार्थ तोच आहे."

"भावार्थ बारशाचा होता. सही माझी आहे, मी छापणार नाही."

"ही गळचेपी आहे!"

"असू दे."

हे इरेला पेटले. पूर्वी संपादक निषेध म्हणून जागा कोरी सोडत, तसा त्यांनी तो अख्खा कॉलम कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी भुसार बाजारातले एक व्यापारी अंक घेऊन आले.

"मास्तर, हे आमच्या अंकात छापायचं राह्यलं. बदलून द्या."

बदलून द्यायला दुसरं काही नव्हतंच. यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळा खटला तोंडी सांगायला सुरुवात केली. माझं भाषण आलं तेव्हा मी आत चाचांना प्रूफ देत होते. भाषण कागदावर होतं त्यापेक्षाही लांब झालं होतं. व्यापारी मान डोलावत होते. मी बाहेर जाऊन यांना अडवलं नाही.