हँडलची थरथर आणि सॅमीची ओळ

पनवेलहून अलिबाग म्हणजे काही लडाख नव्हे, मान्य. पण गाडी चालवताना ज्याच्या तळहातांना मुंग्या येतात, त्याला तेवढाही पल्ला लांबच. माझी सिंगल सिलिंडरची टूरिंग मोटरसायकल निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. गेल्या दोन-तीन वर्षांत हँडलची थरथर पार कोपरापर्यंत चढू लागली. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, विकून टाका आता." कामोठ्याचे एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार, हेही ठरलं.

त्याआधी एक फेरी बाकी होती. सॅमी माझा शाळेपासूनचा मित्र, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी ज्यू. तीन वर्षांपूर्वी तो मुलांकडे इस्राएलला गेला. त्याच्या आईची कबर अलिबागजवळच्या एका गावात आहे. दरवर्षी तिच्यावर एक दगड ठेवायचा. फुलं नाहीत, दगडच, ही त्यांची रीत. आधी तो माझ्या मागे बसून यायचा, आता मी एकटा जातो. शनिवारी जातो म्हटल्यावर फोनवर ओरडला, "अरे गाढवा, शब्बाथ असतो, त्या दिवशी कबरीवर जात नाहीत! अजून शिकला नाहीस?" म्हणून शुक्रवारी निघालो.

निघण्यापूर्वी गाडीचं सगळं सर्व्हिसिंग करून घेतलं. हँडलच्या टोकांना वजनं लावली, मुठींवर जाड फोम चढवला, इंजिनाचे बोल्ट आवळून घेतले, हवा तपासली. गॅरेजवाला म्हणाला, "काका, सिंगल सिलिंडर आहे, थोडी थरथरणारच. बायकोच्या बडबडीसारखी सवय करून घ्या." थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू.

पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंत सकाळ छान होती. खिंडीत झाडं दोन्ही बाजूंनी वाकलेली, अगदी चौथीच्या पुस्तकातल्या चित्रासारखी. पेणनंतर अवजड वाहनं वाढतात. नवख्यांनी लवकर निघावं. वडखळला मिसळ झकास मिळते, पण मला ती धड खाता आली नाही. बोटं बधिर. चहाचा ग्लास हातातून निसटला. हॉटेलवाला हसला, "आजोबा, चहा आवडला नाही तर सांगायचं, फेकायचा कशाला?" मीही हसलो. मनात म्हटलं, संपलं. रविवारी गाडी द्यायची.

दफनभूमीत कुणी नव्हतं. दगडांवर मराठी आणि हिब्रू अक्षरं शेजारी शेजारी. मी दगड ठेवला. ही माउली मलिद्याचे, म्हणजे त्यांच्या प्रसादाचे, गोड पोहे द्यायची, पण आधी आम्हा दोघांकडून शाळेची कविता चालीवर म्हणवून घ्यायची. एक ओळ मी, पुढची सॅमी. मी माझी ओळ म्हटली आणि सवयीने थांबलो.

कुंपणापलीकडून लाकडं नेणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुनाशी बोलताव?"

"मित्राच्या आईशी."

"मंग तो का नाय आयला?"

"लांब राहतो."

"तुमी आयलाव, बरा झाला," म्हणून त्या गेल्या.

परतताना ती कविता डोक्यातून जाईना. हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणू लागलो. माझी ओळ, मग सॅमीसाठी तेवढीच जागा रिकामी, मग पुन्हा माझी. वडखळ आलं. चहा मागवला. ग्लास हातात नीट राहिला.

तेव्हा कळलं. म्हणताना मुठी आपोआप सैल पडत होत्या. सॅमी मागे असताना आम्ही रस्ताभर म्हणतच जायचो. तो गेल्यापासून मी गप्प, आणि हँडल असं आवळून धरलेलं, जणू तेही सुटून जाईल. तुमच्याही हातांना मुंग्या येत असतील, तर वजनं लावा, फोम लावा, पण आधी बघा, मूठ किती घट्ट आहे.

घरी पोचताच कामोठ्याला फोन करून सांगितलं, "येऊ नका. गाडी विकायची नाही." मग सॅमीला लावला. दगड ठेवल्याचं सांगितलं, आणि आनंदाच्या भरात माझी ओळ म्हटली.

"पुढची म्हण की रे!"

त्याने माझीच ओळ पुटपुटून पाहिली.

"नाही आठवत," तो म्हणाला. "इथे कुणापुढे म्हणणार?"

फोन धरलेल्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मी मूठ सैल केली आणि त्याची ओळ त्याला सांगितली, हळूहळू, दोनदा.