पाठमोरा निशाणवाला

भूतबित या प्रकरणाशी माझं कधीच जमलं नाही. या सदरातले अनुभव मी आजवर बायकोला मोठ्याने वाचून दाखवत आलोय, तेही कुत्र्याच्या रडण्याचे वगैरे आवाज काढून. त्यामुळे आज कोणी माझा अनुभव वाचताना आवाज काढले, तर तक्रार करायला मला तोंड नाही.

आमच्या घराण्यातला उद्योजकपणा पणजोबांपाशी सुरू झाला आणि माझ्यापाशी येऊन संपला. पणजोबा म्हणजे अप्पा. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या बाजूला, जिथे बैलगाडी न्यायलाही लोक का-कू करायचे तिथे त्यांनी दगडाची खाण सुरू केली. मी नाशकात आधी झेरॉक्स सुरू केलं, मग मोबाईल कव्हरं, मग मिसळ... आणि त्याच क्रमाने बंद केलं. सध्या लोकांचे जुने फोटो स्कॅन करून देतो.

अप्पांना नाद दोनच — सुरुंग आणि कॅमेरा. घरी त्यांचा जाडजूड अल्बम आहे. घडीव दगडांवर पणजी नऊवारी नेसून सहलीला आल्यासारखी बसलीय. खडीच्या ढिगावर आमचे आजोबा, वय वर्षं तीन, काहीही न घालता उभे आहेत. (हा फोटो माझ्या हातून फॅमिली ग्रुपवर गेला. आत्या अजून बोलत नाही.) आणि बऱ्याच फोटोंत मागे, खाणीच्या काठावर, एक माणूस. हातात निशाण, अंगात बंडी आणि नेहमी पाठमोरा. स्कॅन करताना मी बायकोला म्हणालो होतो, की याचं अप्पांशी भांडण असणार.

माझा चुलतभाऊ संदीपदादा त्या खाणीशेजारी रिसॉर्ट बांधतोय. खाणीत आता पाणी भरलंय, त्याच्या भाषेत 'लेक व्ह्यू'. भिंतींवर लावायला त्याला अप्पांचे फोटो मोठे करून हवे होते. दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही प्रिंट घेऊन तिकडे गेलो आणि कुठला कुठे शोभेल ते बघायला बांधकामाच्या भिंतीला टेकवून मांडले. शेजारच्या पाड्यावरची माणसं बघायला आली, हसली, गेली. एक म्हातारी तेवढी थांबली. सोमीआजी. ती पाठमोऱ्या माणसासमोर उकिडवी बसली होती.

"हा माझा बा," ती म्हणाली. "महादू."

ती पाळण्यात असताना तो खाणीत दगावला. ओळखलं कसं, तर आईने सांगितलेल्या निशाणावरून. त्याचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. आता तिला त्याचा चिरा बसवायचा होता. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाचा दगड — तिकडे तो बसवल्याशिवाय माणूस ठिकाणी लागला असं मानत नाहीत. पण ज्याला बसवायचं त्याला एकदा तरी बघितलेलं असावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि तिचं वय बघता पुढच्या दिवाळीची खात्री तिलाही नव्हती.

"तुझ्याकडं सगळे फोटू हायेत ना? मंग तोंड दाव त्याचं."

मी सगळे फोटो दाखवले. सगळीकडे पाठ. मग माझ्यातला उद्योजक जागा झाला. म्हटलं, आजी, आता एआय आलंय, माणूस वळवता येतो. मोबाईलवर फोटो टाकला, अ‍ॅपला सांगितलं, आणि त्याने महादूला वळवलं. आला तो सिरियलमधला जावई! पांढरेशुभ्र दात, कोरीव दाढी.

आजीने मोबाईल जवळ नेला, लांब नेला. "हा कोन? याला दगड उचलाया तरी येल का?"

दादा ज्याम हसला. मीही हसलो. आजी हसली नाही, तेव्हा मी मोबाईल परत घेऊन खिशात टाकला.

मग तिनेच सांगितलं. सुरुंग लावला, की निशाणवाल्याने खाणीकडे पाठ करून रस्ता अडवायचा. सगळे बार उडाले, की मुकादम 'सरलंऽऽ' म्हणून हाक देणार. ती येईपर्यंत वळायचं नाही, मग कोणी काहीही म्हणो. अप्पा फोटो काढायचे ते नेमके याच वेळी, बार उडताना, खाणीच्या पलीकडच्या काठावरून. म्हणून सगळीकडे पाठ.

"त्या दिशी एक बार ऱ्हायला व्हता," आजी म्हणाली. "तुझ्या अप्पानं हाक मारली. महादू, इकडं बघ, तोंड येऊ दे फोटूत. मालकाची हाक. त्याला वाटलं, सरलं. वळला, चालत आला... आन् तो बार उडला."

दादा पाण्याकडे बघत राहिला. आमच्या घरात ही गोष्ट कोणी कधी सांगितली नव्हती.

"मुकादमाची हाक त्याला आलीच नाय. ती ऱ्हायली. तुमच्या घरच्यानं चुकीची दिली, तुमच्याच घरच्यानं खरी द्यावी."

मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं. तरी काठावर गेलो. ती खाण म्हणजे प्रतिध्वनीचा कारखाना. मघाशी दादा शिंकला तर समोरच्या कड्याने ती शिंक तीनदा परत केली होती. मी भाजीवाल्यासारखा गळा काढून ओरडलो —

"महादूऽऽ! सरलंऽऽ! सगळं सरलं! ये आता!"

काहीही परत आलं नाही. एक अक्षर नाही. हाक समोर गेली आणि कोणीतरी ती घेतली, एवढंच मला जाणवलं. गवत हलायचं थांबलं होतं. माझं हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

मागे वळलो तर आजी प्रिंट मांडीवर घेऊन बसली होती. फोटोतला महादू पुढून दिसत होता. तीच बंडी, तेच निशाण. मिसरूड नुकतं फुटलेलं, कपाळावर धूळ. हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. हाक मारल्यावर माणूस 'मला म्हणताय?' म्हणून बघतो ना... तसा.

आजी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होती. मग आपल्या सुरकुतल्या हाताने तिने त्याच्या कपाळावरची धूळ पुसल्यासारखं केलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर पोर हाय."

तुम्ही म्हणाल अ‍ॅप. अ‍ॅप मोबाईलमध्ये होतं हो, हा कागद होता. स्कॅनची फाईल आजही माझ्या कॉम्प्युटरवर आहे, तिच्यात तो पाठमोराच आहे. त्याच फाईलची मी पुन्हा प्रिंट काढली, त्यातही पाठमोरा. संदीपदादाने तो चेहरा माझ्याइतकाच नीट पाहिलाय, पण विषय काढला की त्याला महत्त्वाचा फोन येतो. आजीने चिरा बसवला, प्रिंट तिच्याकडेच आहे. मला यातलं काहीच समजावून सांगता येत नाही. पुरावाही नाही. तसा तेव्हा मी मोबाईल काढला होता, कॅमेरा चालू करून फोटोवर धरलाही होता. आजीने पटकन पोराच्या तोंडावर तळहात ठेवला.

"नको भाऊ," ती म्हणाली. "फोटूपायीच तर वळला व्हता तो."