झेंडूची शोकसभा

चहा घ्या, पण तोंडातला घोट आधी गिळा आणि मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि दोष माझ्यावर येईल! घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत. पण धडधाकट जिवंत प्राण्याची शोकसभा घेणारा मास्तर सगळ्या ब्रह्मपुरीत मी एकटाच.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं कोकणात जाऊन आलो. आमच्या मंदाने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे तलाव ढीगभर, वैनगंगा जवळच, पण समुद्र कुठला? परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "सोबत आनता आला असता त किती मजा आली असती!"

झालं! मी विज्ञानाचा मास्तर. घरातच समुद्र आणायचं ठरवलं. दोन हात लांबीची काचेची टाकी, खारं पाणी, थोडी पोवळी आणि एक अंगठ्याएवढा केशरी मासा. मंदाने त्याचं नाव ठेवलं झेंडू. रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि मला जे कधी सांगितलं नाही ते सगळं त्याला सांगायची.

प्रश्न होता फिल्टरचा. नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "सर, टाकी लहान आहे. खालच्या कपाटात अजून एक टाकी ठेवा. तिच्यात जिवंत दगडं अन् हिरवं शेवाळ. वरचं पानी पाइपातून खाली उतरते, दगडातले जिवाणू घाण खातात, पंप पानी वर फेकते. बस!"

बस कसं? सातवीला पाणी गाळण्याचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय! मी म्हटलं, "टाकीच्या पाठीला अडकवायचा स्पंजवाला फिल्टर पण पाठवा. आणि फेसातून घाण काढणारं ते स्किमर, तेही."

"तीन-तीन कायले सर? मासा त एकच आहे."

"विज्ञान आहे भाऊ, विज्ञान!"

सगळं आलं. सोबत एक बोटभर जाळी पण आली. पाणी खाली उतरतं त्या तोंडाला लावायची म्हणे. आता तीन फिल्टर असताना जाळी कशाला? उगाच पाण्याचा जोर कमी करायचा! ती मी चहाच्या गाळणीशेजारी ड्रॉवरमध्ये टाकली. आणि कपाटावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'जिवाणू कामात आहेत. दार उघडू नये.'

पंधरा दिवस छान गेले. मग एका सकाळी मंदा ओरडली, "अवो, झेंडू कुठी गेला? दिसून नाई राह्यला!"

"लपला असेल दगडाआड."

दगड हलवले. नाही. पोवळ्यांमागे बॅटरी मारली. नाही. टाकीबाहेर उडाला असेल म्हणून सोफा उलटा केला. हरवलेला माझा चष्मा सापडला, पण झेंडू नाही. वास घेऊन येईल म्हणून मी तीन दिवस चिमूटभराच्या जागी मूठभर खाणं टाकलं. मंदाचा चहा रोज टाकीसमोर तसाच गार व्हायचा. ते मात्र मला बघवेना.

चौथ्या दिवशी माझी नजर टाकीला बाहेरून अडकवलेल्या स्किमरच्या कपाकडे गेली. आत तपकिरी, दाट, असा काही वास मारणारं पाणी! माझ्या डोक्यात विज्ञान चमकलं.

"मंदा, मन घट्ट कर. झेंडू या यंत्रात ओढला गेला. विरघळला तो."

"अख्खा मासा विरघळते का जी?"

"प्रथिनं, मंदा! सगळी प्रथिनं!"

ती रडायला लागली. मलाही भरून आलं. आम्ही तो कप परसात नेला, पेरूच्या झाडाखाली खड्डा केला आणि ते पाणी त्यात ओतलं. मंदाने वर झेंडूचं फूल ठेवलं. कुंपणापलीकडून शेजारचे गजाननभाऊ म्हणाले, "मास्तर, कोन गेलं?"

"आमचा झेंडू."

भाऊंनी टोपी काढली. शाळेतल्या शोकसभेत बोलायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे शब्द आपोआप आले. दिवंगत झेंडू मितभाषी होता, शिस्तीचा होता, त्याने कधी कुणाचं मन दुखावलं नाही. खरं सांगू? आमच्या शाळेतल्या लिपिकाच्या वेळचंच भाषण होतं, फक्त नाव बदललं. मग तिघांनी दोन मिनिटं मौन पाळलं.

रविवारी सिंदेवाहीकडच्या गावाहून माझी माय नवे तांदूळ घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं आणि टाकीकडे बघत विचारलं, "यातलं पानी कुठून जाते?"

"त्या कोपऱ्यातून, खाली."

"तिथी जाळी नाई?"

"तीन फिल्टर आहेत, माय."

तिने कपाळाला हात लावला. "अरे, धानाच्या शेतात वरच्या बांधीतून पानी खालच्या बांधीत पडे, तिथी बांबूचा पिंजरा कोन लावे? तूच ना? मासे काऊन सापडत? पानी जाते तिकडे मासा जाते म्हनून! मास्तर झाला अन् समदं भुलला."

ती कपाटाकडे निघाली.

"माय, ती पाटी वाच!"

"वाचली," म्हणाली आणि दार उघडलं.

आत छोट्या दिव्याच्या उजेडात, हिरव्या शेवाळात, झेंडू! मेलेला नाही, वाळलेला नाही. मी वर टाकलेलं मूठ-मूठ खाणं वाहून खालीच येत होतं, ते खाऊन चांगला गुबगुबीत झालेला! मंदा तिथेच फरशीवर बसली, हसतही होती, रडतही होती. मी मायच्या पायाच पडलो. मग ड्रॉवरमधून जाळी काढली आणि मुकाट लावली.

गजाननभाऊंना तर सांगणं भाग होतं. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मास्तर, मंग मी टोपी काढून दोन मिनिटं उभा राह्यलो, ते कोनासाठी?"

मंदाच आतून म्हणाली, "त्याच्या शीसाठी, भाऊजी!"

भाऊंनी ते सगळ्या गावाला सांगितलं. परवा शाळेत कुणाचीशी शोकसभा होती. मी भाषणाचा कागद घेऊन उभा राहिलो, तर मुख्याध्यापकांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"मास्तर, बोलायच्या आधी एक विचारतो. कपाट उघडून पाह्यलं ना?"