तात्यांसाठी मॉनिटर

छापखान्यात गोष्टी रद्दीसारख्या साठतात. एक काढायला जावं, तर वरच्या दहा अंगावर येतात! ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीतल्या एका छोट्या छापखान्यात मी प्रुफं वाचायचो. मालक अण्णा, आंब्याच्या पेट्यांची लेबलं रंगवणारे तात्या आणि रंग सांभाळणारी नलूताई, एवढाच आमचा गोतावळा.

तात्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण आम्ही कधी दाखवलं नाही. चित्रकाराचं असं काही बाहेर फुटलं तर त्याला काम कोण देणार, ही धास्ती घेऊनच ते रोज कामावर यायचे.

*

एकदा नलूताई रजेवर होती आणि तात्यांनी लेबलावरची पानं चक्क तांबडी रंगवली. अण्णांच्या लक्षात येईपर्यंत लेबलं छापून झाली आणि ती न्यायला पावस गावचे बागायतदार दारात हजर.

त्यांनी लेबल लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "कोवळी पालवी तांबूस असते हे बघणारा चित्रकार आज भेटला!"

पुढच्या वर्षीही त्यांनी तीच पानं मागितली.

तेव्हापासून नलूताई रंगाच्या बाटल्या ठरलेल्या क्रमाने मांडून द्यायची. ती बहिणीच्या लग्नाला चार दिवस दापोलीला गेली, तेव्हा तात्यांचा गुडघा बरोबर तेवढेच दिवस दुखला आणि ते घरीच राहिले.

*

मग अण्णांनी लेबलं कॉम्प्युटरवर करायची ठरवली. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांतच बजेट आटपत आलं. रंगीत मॉनिटर घ्यायचा तर नवं कटिंग मशीन विसरायचं. तात्या हिरिरीने काळ्यापांढऱ्याच्या बाजूने बोलू लागले, उगाच उधळपट्टी कशाला म्हणून. एरवी ब्रशसुद्धा मुंबईचाच लागणारा माणूस!

अण्णांनी तोडगा काढला. काळ्यापांढऱ्या टीव्हीवर लावतात तसं रंगीत प्लास्टिक मॉनिटरवर लावू. वर निळं, मध्ये गुलाबी, खाली हिरवं.

"म्हणजे सगळ्या आंब्यांची डोकी निळी," नलूताई म्हणाली.

*

मुंबईचा विक्रेता दोन्ही मॉनिटर घेऊन एसटीने आला. रंगीत मॉनिटरवर त्याने आंबा काढला, बाजूला रंगांच्या चौकटी उघडल्या आणि माऊस तात्यांच्या हातात दिला. आर्टिस्ट तुम्ही, रंग तुम्हीच भरा म्हणाला.

तात्यांनी बाण लाल चौकटीवर नेला, मग हिरव्या, मग पुन्हा लाल. मला बघवेना.

तेवढ्यात लाइट गेले! विक्रेत्याने विचारलं, इथे नेहमी जातात का? अण्णा म्हणाले, नेहमीच. नलूताई मेन स्विचखाली अगदी शांत उभी होती. विक्रेत्याची परतीची गाडी सुटेपर्यंत काही लाइट आले नाहीत.

अण्णांनी काळापांढरा मॉनिटर घेतला. कटिंग मशीनसाठी, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

*

पहिलं लेबल पडद्यावर आलं तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो. लाल पट्टी, हिरवी पानं, पिकला आंबा, सगळं करडं. अण्णांनी चष्मा पुसला, मान वाकडी केली. ह्यात पान कुठलं नि पट्टी कुठली, त्यांना कळेना. नलूताईलाही सांगता येईना.

तात्या पुढे आले आणि बोट ठेवून दाखवू लागले. ही पानाची शीर, ही फळाची उजेडाकडची बाजू, रंगाकडे बघू नका, कडांकडे बघा. हळूहळू आम्हालाही दिसू लागलं.

"कठीण आहे हो असं काम करणं," अण्णा म्हणाले.

"सवय होत्ये, अण्णा." तात्यांनी नलूताईकडे पाहिलं. "आणि शेजारी नलू असली, की काही अडत नाही. माझं कधी अडलं?"