कॅथीड्रलची पायरी

टूर मॅनेजरने माझ्या बायकोला फसवलं. इंग्लंडमधल्या त्या जुन्या गावात कॅथीड्रलसाठी अख्खी दुपार देतो म्हणाला आणि ती घालवली शालींच्या दुकानात. कॅथीड्रलच्या वाट्याला फोटोपुरता वेळ उरला.

दर्शन झाल्यावर पायरीवर क्षणभर टेकल्याशिवाय ही कुठल्याच देवळातून निघत नाही. इथली पायरीही शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजली होती. “आपल्या देवळासारखीच की हो,” म्हणत ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली, तोच हा मॅनेजर ओरडला, “काकू, बसमध्ये बसा निवांत!”

मंडईत भाजी विकून मी वर आलो. घासाघीस माझ्या रक्तात आहे.

“दहा मिनिटं दे.”

“नाही काका.”

“पाच?”

“ड्रायव्हर थांबत नाही, काका.”

मी तोंड सोडलं. तोवर ती बसकडे चालू लागली होती.

तो दगड झिजवणाऱ्यांना कुणी अशी घाई केली असेल का? मनोरे दिसेनासे होईपर्यंत ती खिडकीतून मागे पाहत होती.

तिच्या गुडघ्यांनी आता पुन्हा येणं होणार नाही. मग मॅनेजर, तिचं ते टेकणं कुठल्या सहलीत भरून देणार आहेस, ते मला तोंडावर सांग.